‘माझी हरकत नाही’ एवढ्यावर राजीनामा देऊ नकोस

ताई, नमस्कार.

मी ३४ वर्षांची. एम.एस्सी. केलंय, ॲनालिटिकल केमिस्ट्रीत. वाळूज एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, मला ९ वर्षं २ महिने झाले. हातात ४६ हजार येतात. नवरा शेंद्र्याला एका कंपनीत आहे, त्याला ६४ मिळतात. फ्लॅटचा हप्ता २३ हजार. मुलगी २२ महिन्यांची. सासूबाई दीड वर्ष आमच्याजवळ होत्या, पण गावी सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांना जावं लागलं. आता मुलगी पाळणाघरात जाते. पाळणाघर वाईट नाही. ती तिथे रडतही नाही. रडते मी, लॅबमध्ये एचपीएलसीच्या तपासणी यंत्रासमोर बसून. आमच्या कंपनीतही कागदोपत्री पाळणाघर आहे. त्या खोलीत जुनी बॅच रेकॉर्ड्स रचून ठेवली आहेत.

मला नोकरी सोडायची आहे. कुणी सोडायला लावत नाही. मलाच तिच्याजवळ राहायचंय, निदान ती शाळेत जाईपर्यंत. नवरा म्हणतो, ‘तुला हवं तसं कर, माझी हरकत नाही.’ मैत्रिणी म्हणतात, मुलीसमोर कसला आदर्श ठेवणार? सगळ्यात जास्त लागलं ते आईचं बोलणं. ती जालना जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. मी सहावीत असताना वडील गेले. तिच्या मानधनावर आणि शिवणकामावर मी शिकले. लहानपणी मी तिच्याच अंगणवाडीत असायचे. नोकरीचं सांगितलं तर म्हणाली, ‘एवढं शिकवलं ते फुकट गेलं म्हणायचं.’ तीन आठवडे झाले, फोनवर ‘जेवलीस का’ याच्यापुढे बोलत नाही.

ताई, घरी राहून मूल वाढवणं याला खरंच काही किंमत नाही का?

— एक आई, छत्रपती संभाजीनगर


प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनानंतर मी एका ओळीत ‘सोड’ असं लिहून मोकळी होणार होते. दुसऱ्यांदा वाचताना नवऱ्याच्या वाक्यापाशी अडखळले. म्हणून उत्तर लांबलंय. चहा घेऊन बस.

आधी तू विचारलंस त्याबद्दल. किंमत आहे, आणि आपल्या न्यायालयाने ती रुपयांत लिहूनही ठेवली आहे. १९८९ च्या मार्चमध्ये जमशेदपूरला पोलाद कारखान्याच्या संस्थापकदिनाच्या समारंभात आग लागली. मेलेल्यांत गृहिणीही होत्या. भरपाई ठरवायची तर पहिला प्रश्न, पगार किती? आणि पगाराच्या रकान्यात तर काहीच नाही. शेवटी लता वाधवा खटल्यात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३४ ते ५९ वयाच्या गृहिणीच्या कामाचं मोल महिना ३ हजार रुपये धरलं, म्हाताऱ्या बायकांचं वर्षाला २० हजार. तू नेमकी ३४ ची, म्हणजे त्या रकान्यात बसलीस! पुढे २०२१ च्या जानेवारीत, अपघातात गेलेल्या एका जोडप्याच्या खटल्यात न्या. एन. व्ही. रमणा यांनी स्पष्ट लिहिलं की गृहिणी काही काम करत नाही ही समजूतच चुकीची आहे. त्यासाठी त्यांनी २०१९ च्या सरकारी वेळपाहणीचा आधार घेतला. घरकामात बायकांची दिवसाला २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७. हीच पाहणी २०२४ मध्ये पुन्हा झाली, तेव्हा बायकांची २८९ निघाली. पाच वर्षांत दहा मिनिटं वाचली म्हणून हरखून जावं, तर पुरुषांचीही ९७ वरून ८८ झालेली! मुलांचं आणि म्हाताऱ्यांचं करणं यात धरलेलं नाही. त्याचा हिशेब वेगळा, बायकांची १३७ मिनिटं आणि पुरुषांची ७५.

पण हे मोल कधी ठरलं बघ. बाई गेल्यावर, भरपाईच्या दाव्यात. ती हिंडतीफिरती होती तोवर कुणी तीन हजार काय, तीनशेही मोजले नसतील. तिच्या कामाला किंमत आहे असं म्हणायला कुणाचं काही जात नाही. मातृदिनाला तर सगळं गाव म्हणतं. ती किंमत भरायची वेळ येते तेव्हा मात्र घरातलं एकच माणूस पुढे होतं, आणि ते बहुतेक वेळा बाईच असते. पगार तिचा जातो, पीएफ तिचा थांबतो, नोकरीतली वर्षं तिची तुटतात. आणि मूल? ते दोघांचं.

म्हणून त्या ‘माझी हरकत नाही’शी माझं भांडण आहे. तुझा नवरा चांगला असेल, त्याबद्दल मला शंका नाही. त्याला वाटतं, आपण बायकोला मोकळीक दिली. पण हरकत नाही असं शेजारी म्हणतो, आपण गच्चीवर पापड वाळत घालायला विचारलं की. ज्याच्या घरचं उत्पन्न १ लाख १० हजारांवरून ६४ वर येणार आहे, हप्ता गेला की ४१ उरणार आहेत, त्यातून गावी वडिलांचं औषधपाणी करायचं आहे, त्या माणसाला हरकत नसून कसं चालेल? त्याने प्रश्न विचारायला हवेत. झोप उडायला हवी थोडी. उडत नसेल तर त्याचा अर्थ असा की नोकरी तू सोडणार, म्हणून हा विषय तुझा, असं त्याने मनात धरलं आहे. उद्या पैशांची ओढाताण झाली की त्याच्याकडे वाक्य तयार असेल, ‘तूच म्हणाली होतीस.’ तो दुष्टपणाने म्हणणार नाही. अगदी खरं तेच म्हणेल, आणि तुझ्याकडे उत्तर नसेल.

तेव्हा राजीनाम्याआधी एका रविवारी, मुलगी झोपली की, दोघं कागद घेऊन बसा. मोबाइलवर नको, कागदच घ्या.

पहिल्यांदा तुझा पगार तीन महिने बाजूला टाकून बघा. एक रुपयाही काढायचा नाही, घर त्याच्या चौसष्ट हजारांत चालवायचं. ही रंगीत तालीम. जमली तर तुझ्या नावावर १ लाख ३८ हजार साठलेले असतील, म्हणजे नेमके सहा हप्ते. नाही जमली तर ते आत्ताच कळलेलं बरं. पाळणाघराची फी आणि रोजच्या धावपळीतले काही खर्च पुढे वाचतील, हेही मांडा, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. घरी राहिलं की खर्च कमी होतो हा भ्रम आहे.

मग फ्लॅट. इंडेक्स टू, म्हणजे घराच्या नोंदणीचा उतारा, काढून बघ, तुझं नाव आहे ना? कर्जाच्या कागदावर तू सहकर्जदार असशील, तर नोकरी गेली तरी कर्जाची जबाबदारी तुझी राहते. कर्जात नाव आणि घरात नाही, असला प्रकार मी एकापेक्षा जास्त घरांत पाहिला आहे.

ग्रॅच्युइटी तुला मिळेल, पाच वर्षं कधीच झाली. शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २३ हजार धरले, तर त्याला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, मग नऊ वर्षांनी. १ लाख १९ हजारांच्या आसपास येतात. हे पैसे तुझे. त्यातून गाडीचं कर्ज फेडायचं नाही, दिराच्या लग्नातही घालायचे नाहीत.

आणि पीएफला हात लावू नकोस. हे मी ओरडून सांगते आहे असं समज. मी काढला होता. सोफा घेतला. २००९ मध्ये भंगारवाल्याने त्या सोफ्याचे चारशे रुपये दिले. तुझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. त्या खात्यातल्या पेन्शनच्या हक्काला दहा वर्षांची नोकरी लागते, तुझी सव्वानऊच्या आत आहे. त्यासाठी आणखी काही महिने थांब असं मी म्हणणार नाही. पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या पगाराच्या १५ हजारांच्या मर्यादेवर दहा वर्षांची पेन्शन महिना दोन हजार दीडशेच्या पुढे जात नाही, आणि २२ महिन्यांची मुलगी तेवढ्यासाठी थांबत नाही. पण ते पैसे तू काढले नाहीस, तर पुढे कधी पुन्हा नोकरी धरलीस की ही नऊ वर्षं आणि ती वर्षं एकत्र मोजली जातात. काढलेस की पुन्हा शून्यापासून.

आता खरी गोष्ट. दर महिन्याच्या एक तारखेला त्याच्या खात्यातून तुझ्या खात्यात ठरलेली रक्कम आली पाहिजे. घरखर्चाची वेगळी. ही तुझी. मागून नाही, आपोआप, बँकेला एकदा सांगून ठेवलं की येते तशी. समजा पाच हजार. ते तुझ्या नावाच्या पीपीएफमध्ये टाक. वर्षाला दीड लाखापर्यंत टाकता येतात, सध्या ७.१ टक्के मिळतात. हा दर टिकला तर पंधरा वर्षांनी १५ लाखांच्या वर रक्कम उभी राहते. नवऱ्याने दिलेल्या पैशांवरचं व्याज एरवी त्याच्याच उत्पन्नात धरलं जातं, पीपीएफच्या व्याजाला करच नाही, त्यामुळे ती कटकटही नाही. याला कुणी हातखर्च म्हणालं तर दुरुस्त कर. कंपनी तुझ्या पीएफमध्ये तिचा हिस्सा टाकायची, आता घर टाकतंय.

विम्याचं भराभर सांगते. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो, त्याच्या कंपनीत तुझं आणि मुलीचं नाव आत्ताच चढवून घ्या. मुदतीचा विमा काढायचा असेल तर हातात पगाराची स्लिप असताना काढ, गृहिणीला मोठी रक्कम द्यायला विमावाले कुरकुरतात. नवऱ्याचा विमा नवा काढणार असाल तर १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली काढा. ते पैसे मग बायको-मुलांचेच राहतात, देणेकऱ्यांना त्यावर हात टाकता येत नाही. एजंटला सांगितलं की फॉर्मसोबत एक पुरवणी देतो.

हे सगळं वाचून तुला वाटेल, मी लेकराबद्दल विचारलं आणि ही बाई व्याजदर सांगतेय. पण पैशांची बाजू पक्की असली की दुपार निवांत जाते. नाहीतर मुलीला गोष्ट सांगताना अर्धं मन दुधाच्या बिलात असतं.

आता घरात काय होतं ते सांगते. नोकरी सोडल्यावर पहिल्या महिन्यात भांडीवाली बाई बंद होते. कुणी ठरवत नाही, तूच म्हणशील, ‘आता मी आहेच की घरी.’ हे वाक्य तोंडातून निघालं की संपलं. पुढे ते सगळे म्हणतात, ‘तू घरीच असतेस ना.’ गॅसवाला येणार, तू घरीच असतेस ना. वरच्या मजल्यावरच्यांचं पार्सल घे, तू घरीच असतेस ना. नणंदेची मुलं सुट्टीत पंधरा दिवस, सासऱ्यांना तपासणीला शहरात आणायचंय, सोसायटीच्या टँकरचा हिशेब कुणीतरी ठेवायला हवा. तुमच्या शहरात नळाला किती दिवसांनी पाणी येतं हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, म्हणजे पाण्याच्या दिवशी मोटर लावायला तू. वर्षभराने बघशील तर नोकरी सोडली मुलीसाठी आणि मुलगी मोबाइलवर, कारण आई टँकरवाल्याशी भांडतेय.

म्हणून बाई चालू ठेव. तिचा पगार खर्चाच्या कागदावर पहिल्या पाचांत लिही. नवरा आज घरात जी कामं करतो ती त्याचीच राहतील, हेही आधी बोलून घे. तो आज रात्री मुलीला झोपवत असेल तर उद्याही तोच झोपवेल. तू आई म्हणून घरी राहते आहेस. घराची व्यवस्थापक, नर्स आणि शिपाई या तीन जागा भरायची जाहिरात कुणी काढलेली नाही.

आता माझं. १९९४ मध्ये मी वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाची पक्की नोकरी सोडली. कॉलेजचं नाव जाऊ दे. मुलगा दीड वर्षाचा होता. सात वर्षं घरी राहिले. तुला फक्त तोटे सांगितले तर ते खोटं होईल. पाच वर्षं मी वर्गात बीजांकुरण शिकवलं होतं, फळ्यावर आकृत्या काढल्या होत्या, पण मोड येताना बसून कधी बघितलं नव्हतं. मुलाने बघायला लावलं. मी मटकी फडक्यात बांधून ठेवली होती आणि हा दर अर्ध्या तासाने गाठ सोडायचा. दोनदा रागावले, तिसऱ्यांदा त्याच्या शेजारी खाली बसले. ती अख्खी दुपार आम्ही दुसरं काही केलं नाही. संध्याकाळपर्यंत मटकी इतक्यांदा हाताळून झाली होती की उसळ करता आली नाही, पिठलं केलं. त्या सात वर्षांचं मोल काय, असं मला कुणी विचारलं की मला ते पिठलं आठवतं. हे कोर्टात सांगून चालायचं नाही.

तशा दुपारी होत्या तशा दुसऱ्याही होत्या. दूधवाल्याशी पाच मिनिटं पावसापाण्यावर बोलायचं आणि तेवढंच दिवसभरात मोठ्या माणसाशी झालेलं बोलणं. वर्तमानपत्रात विज्ञानाची बातमी आली की पान उलटायचं, कारण आत कळ यायची. हे तुलाही होईल. तुझी मुलगी कितीही गोड असली तरी होईल, आणि झालं म्हणजे तुझं प्रेम कमी पडलं असं नाही. लॅबमधल्या दोन-तीन जणींशी धागा तोडू नकोस. महिन्यातून एकदा भेटा, ऑडिटच्या गोष्टी ऐक, नवं सॉफ्टवेअर काय आलं ते विचार. अनुभवाची पत्रं, रिलीव्हिंग लेटर, एफडीए अप्रूव्हल (अन्न व औषध प्रशासनाची मान्यता) असेल तर त्याचा कागद, सगळं एका फाइलमध्ये. तुमच्या क्षेत्राच्या जाहिरातींत ‘एफडीए अप्रूव्हड’ विचारतात, तेव्हा ही फाइल शोधत बसायची वेळ येऊ नये.

कारण परत जाणं सोपं नसतं. २००१ मध्ये मी त्याच कॉलेजात गेले तेव्हा तासिका तत्त्वावर घेतलं. तासाला इतके, आणि ते पैसेही वर्षाच्या शेवटी, बिलं वर कुठे अडकली नसतील तर. जिला मी मायक्रोस्कोप लावायला शिकवलं होतं, ती आता कायम होती आणि माझं टाइमटेबल तिच्या सहीने यायचं. चांगली मुलगी होती, मला पाहून ओशाळायची, त्याचाच जास्त त्रास व्हायचा. मला सोडल्याचा पश्चात्ताप नाही. पण परत आल्यावर जागा राखून ठेवलेली असेल, असं मी जे मनात धरलं होतं, त्या भाबडेपणाचं हसू येतं.

एका गोष्टीचा पश्चात्ताप मात्र आहे, आणि तुला लिहायचं ठरवलं ते खरं त्याच्यासाठी.

माझा मुलगा इंजिनीअरिंगला गेला. दुसऱ्याच वर्षी त्याला कळलं होतं की हे आपलं काम नव्हे. त्याने ते मला सांगितलं डिग्री हातात घेऊन, नोकरीला लागून वर्ष झाल्यावर. मी म्हटलं, अरे, तेव्हा का नाही बोललास? म्हणाला, ‘तू माझ्यासाठी कॉलेज सोडलं होतंस. मी कॉलेज कसं सोडणार होतो?’

मी त्याला हे कधी ऐकवलं होतं, मला आठवेना. त्याला सगळं आठवत होतं. सातवीत गणितात कमी पडले तेव्हा. मामाकडे लग्नात, पाहुण्यांसमोर, हसत हसत. एकदा नुसतं दाराशी उभी राहून, तो टीव्ही बघत असताना. माझ्या लेखी ती सहज निघालेली वाक्यं होती. त्याने ती सगळी देणं म्हणून मांडून ठेवली होती आणि फेडत बसला होता.

तुझ्या पत्रात एक फार चांगलं वाक्य आहे, ‘मलाच तिच्याजवळ राहायचंय.’ हे आज खरं आहे. दहा वर्षांनी याचं ‘तुझ्यासाठी सोडली’ होतं, आपल्या नकळत होतं. घरातल्यांनी किंमत भरली नाही की लवकर होतं, कारण मग वसूल कुणाकडून करणार? जे सगळ्यांत लहान असतं त्याच्याकडून. पीपीएफ, भांडीवाली बाई, एक तारखेचे पैसे, एवढा सगळा खटाटोप मी त्यासाठी सांगते आहे. तुझा हिशेब नवऱ्याबरोबर चुकता राहिला तर तो मुलीच्या नावावर चढणार नाही.

मैत्रिणींच्या आदर्शाचं फार मनावर घेऊ नकोस. २२ महिन्यांच्या पोरीला आदर्शापेक्षा पायऱ्या चढायच्या असतात.

कंपनीचं एक काम मात्र करून जा. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवं, हे २०१७ च्या दुरुस्तीपासून कायद्यात आहे आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता येतं, हेही. बॅच रेकॉर्ड्स रचलेली खोली म्हणजे पाळणाघर नव्हे. एचआरला लेखी विचार, ती खोली कधी रिकामी होणार? तुझ्या वेळी काही होणार नाही, झालंच तर तू कदाचित राजीनामाच देणार नाहीस. पण तुझ्या जागी जी येईल तिच्या हातात एक तारीख घातलेलं पत्र असेल. त्याच बैठकीत सहा महिन्यांच्या बिनपगारी रजेचंही विचारून बघ. देतीलच असं नाही, पण न विचारता सोडलीस तर मनात राहील.

आता आई.

ती तुझ्यावर रागावली आहे असं तुला वाटतं. मी तिच्या बाजूने जरा विचार केला. २ ऑक्टोबर १९७५ ला ही बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून तुझ्या आईसारख्या लाखो बायका गावोगाव काय करत आल्या? दुसऱ्यांच्या लेकरांची वजनं घेतली, आहार वाटला, गाणी म्हटली, हात धरून अक्षरं गिरवून घेतली. त्याला सरकार पगार म्हणत नाही, मानधन म्हणतं. ग्रॅच्युइटीचा हक्क त्यांनाही आहे हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साल उजाडावं लागलं. म्हणजे लहान मूल वाढवण्याला बाजारात किती भाव मिळतो हे तुझ्या घरात कुणाला नेमकं माहीत असेल, तर ते तिला. तिने तो भाव आयुष्यभर घेतला आणि उरलेलं शिवणाच्या मशीनवर भरून काढलं. लेकीला एम.एस्सी. करून तिने या कामातून बाहेर काढलं, आणि लेक म्हणतेय, मला तेच करायचंय, तेही बिनमानधनाचं. ‘फुकट’ हा शब्द तिच्या तोंडी आला यात नवल काय?

आणि एक गोष्ट तिच्या लक्षात आली नसेल, तुझ्याही आली नसावी, कारण तू ती पत्रात जाता जाता लिहून पुढे गेलीस. तू तिच्याच अंगणवाडीत असायचीस. तिला तुझ्यात आणि नोकरीत निवड करावीच लागली नाही. ती हजेरी घेत असताना तू तिथेच कुठेतरी सतरंजीवर होतीस, भूक लागली तर चार पावलांवर ती होती. तिच्या नोकरीत तुझ्यासाठी जागा होती. तुझ्या नोकरीत त्या जागेवर फायली आहेत.

हे फोनवर बोलून होणार नाही. रविवारी जाऊ नकोस, अंगणवाडी बंद असेल. आठवड्यातला एखादा दिवस रजा टाक, मुलीला घेऊन सकाळीच पोच. राजीनाम्याचा विषय काढू नकोस. अंगणवाडीत येऊ का म्हण. पोरीला त्या सतरंजीवर सोड आणि आईला तिचं वजन करू दे, ती केल्याशिवाय राहायची नाही. दुपारी मुलं घरी गेली की मग तुमचा तो कागद बाहेर काढ, हप्ता, पीएफ, एक तारखेचे पाच हजार, सगळं असलेला, आणि तिच्याकडून तपासून घे. शिवणाच्या पैशांत जिने तुझी एम.एस्सी. बसवली, तिला त्यातली चूक तुझ्या-माझ्या आधी दिसेल. ती काय म्हणाली ते मला कळव.

तुझी,
ताई